किहीम ते बीरशेबा: बेने इस्रायली घराण्याच्या पाच-सहा पिढ्या कागदांवरून कशा जोडायच्या

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले, आजी-आजोबा १९५०च्या दशकात मुंबईहून इस्रायलला गेले आणि बीरशेबात राहिले. कुटुंबाचे आजचे आडनाव 'सॅम्युएल' आहे. आजी मात्र 'आपण मूळचे किहीमकडचे' असे म्हणायची. घरात एक केतुबा (ज्यू विवाहाचा करार), काही फोटो आणि एक जुने प्रार्थनापुस्तक आहे. कोकणापर्यंत मागे जाता येईल का, किती पिढ्या, आणि सुरुवात कुठून करायची?

जाता येते. घरात एवढे सामान असेल तर साधारण १८३०-४० पर्यंत, म्हणजे पाच-सहा पिढ्या, नीट पुराव्यानिशी उभ्या राहतात. त्यापलीकडे नशिबाने एखादा मोडी कागद हाती लागला तर. नवगावजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही समाजाची मूळकथा आहे आणि ती लिहून ठेवलीच पाहिजे. पण तिच्यापर्यंत वंशवृक्षाची रेघ ओढू नका. मधल्या शतकांचे नावनिशीवार कागद नाहीत.

सुरुवात किहीमपासून करू नका. बहुतेक जण सुट्टीत अलिबागला येतात, दोन दिवस तहसील कचेरीत घालवतात आणि रिकाम्या हाताने परत जातात, कारण काय नाव शोधायचे हेच ठाऊक नसते. क्रम उलटा ठेवा: आधी इस्रायलमधले कागद, मग मुंबई, शेवटी कोकण. प्रत्येक स्थलांतरात नाव नव्याने लिहिले गेले आहे. त्या त्या सांध्यावर माणूस तोच आहे हे सिद्ध केल्याशिवाय पुढचा कागद उघडण्यात अर्थ नाही.

नावाचे हे प्रकरण आधी समजून घ्या, कारण नव्वद टक्के घोळ इथेच होतो. कोकणातल्या बेने इस्रायलांनी बायबलमधली नावे मराठी वळणावर घेतली. सॅम्युएलचा सामाजी झाला, एझिकेलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी, अब्राहमचा आबाजी, एलायजाचा एलोजी. मुंबईत मांडवीला १७९६ साली पहिली बेने इस्रायली प्रार्थनास्थळाची इमारत उभारणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर हेच मराठी कागदांत सामाजी हसाजी दिवेकर आहेत. तुमच्या घरातही एकच माणूस तीन नावांनी सापडेल: प्रार्थनास्थळाच्या वहीत 'शेमुएल बेन येहेज्केल', पलटणीच्या किंवा शाळेच्या इंग्रजी कागदात 'सॅम्युएल एझिकेल', आणि गावच्या नोंदीत 'सामाजी हसाजी'. तिन्ही रूपे पहिल्या दिवसापासून शेजारी-शेजारी तीन रकान्यांत लिहा. एकच 'खरे' रूप निवडून बाकीची टाकून दिली की पुढचा शोध तिथेच अडतो.

दुसरा भाग आडनावाचा. मुंबईत आल्यावर अनेक कुटुंबांनी '-कर' सोडून स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि आजोबांचे नाव अशी लिहिण्याची पद्धत धरली. सॅम्युएलचा मुलगा एझिकेल, त्याचा मुलगा मोझेस. हा मोझेस लिहितो 'मोझेस एझिकेल सॅम्युएल', आणि त्याचा मुलगा डेव्हिड होतो 'डेव्हिड मोझेस एझिकेल'. शेवटचे नाव दर पिढीला बदलते. मग एखाद्या पिढीत, बहुधा शाळेच्या दाखल्यामुळे, रेल्वेच्या नोकरीमुळे किंवा पासपोर्टमुळे, ते जिथे होते तिथे गोठते. एका भावाचे आजोबांच्या नावावर गोठले, दुसऱ्याने गावाचे 'किहीमकर' परत लावले, तर सख्ख्या भावांची नातवंडे दोन वेगळी आडनावे लावून हिंडतात. त्यामुळे 'सॅम्युएल' या आडनावाने तुमच्या घराण्याचा शोध घेणे व्यर्थ आहे. तो सॅम्युएल कोण होता आणि कोणत्या पिढीला हे नाव कायम झाले, एवढा एक प्रश्न सोडवला की अर्धे काम झाले.

'-कर' आडनाव तरी कुळाचे असते का? नाही, ते गावाचे असते. रोहेकर, पेणकर, दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर, नवगावकर ही गावे आहेत. एका गावातून बाहेर पडलेल्या दोन निराळ्या घरांना एकच आडनाव लागले आहे. शिवाय तेच आडनाव हिंदू आणि मुसलमान कुटुंबांतही आढळते. आडनाव जुळले म्हणून भाऊबंद ठरवू नका. आणखी एक खूण उपयोगी पडते. बेने इस्रायलांत कोहेन आणि लेवी ही परंपरागत विभागणी नव्हती. जुन्या पिढीत कुठे 'कोहेन' दिसले तर बगदादी किंवा कोचीनच्या ज्यूंशी झालेली सोयरीक आधी तपासा.

आता इस्रायलमधले कागद. पहिला मागायचा तो 'तेउदात ओले', म्हणजे स्थलांतरिताचे प्रमाणपत्र. त्यावर येण्याची तारीख आणि सोबत आलेल्या कुटुंबीयांची नावे असतात. तो घरात नसेल तर गृहखात्याच्या लोकसंख्या नोंदणीतून नोंदीचा विस्तृत उतारा मागा. अर्जात 'पूर्वीची नावे' आणि 'प्रवेशाची तारीख' हे दोन तपशील स्पष्ट मागावे लागतात. साध्या उताऱ्यात ते येत नाहीत. मृत व्यक्तीसाठी थेट वारस असल्याचा पुरावा जोडा. जेरुसलेमच्या सेंट्रल झायोनिस्ट आर्काइव्ह्जमध्ये ज्यू एजन्सीच्या, म्हणजे ज्यूंचे स्थलांतर पाहणाऱ्या संस्थेच्या, नोंदी आहेत. तिथे नाव, अंदाजे जन्मवर्ष आणि निघाल्याचे शहर दिले की शोध घेतला जातो.

तारखांवर लगेच विश्वास ठेवू नका. ज्यांना जन्मतारीख ठाऊक नव्हती त्यांच्या इस्रायली ओळखपत्रावर दिवस आणि महिन्याच्या जागी शून्ये आहेत, वर्षही अंदाजाने. भारतीय बाजूला १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावलेली असण्याची शक्यता मोठी. अशी तारीख 'सुमारे' म्हणूनच नोंदवा.

बीरशेबाच्या कुटुंबांबाबत एक खास गोष्ट. १९५१ मध्ये तिथल्या भारतीय ज्यूंनी कामात आणि वागणुकीत भेदभाव होतो म्हणून ज्यू एजन्सीपुढे धरणे धरले आणि १९५२ मध्ये काही कुटुंबे भारतात परतली. त्यांतली बरीच पुन्हा इस्रायलला गेली. त्यामुळे प्रवेशाच्या दोन तारखा आणि मधल्या काळात मुंबईत जन्मलेले एखादे मूल असा प्रकार सापडला तर नोंद चुकीची समजून खोडू नका. हे परत येणे आणि पुन्हा जाणे अनेक घरांत मुलांना सांगितलेलेच नाही. कागद दिसल्यावरच ते बोलले जाते.

हिब्रू लिपीत आडनाव शोधताना मराठी उच्चार विसरावे लागतात. 'ळ' नाही, 'ख', 'घ', 'भ' यांतला महाप्राण बहुधा गळतो, स्वर लिहिले जातातच असे नाही. दिवेकरमधला 'व' कुणी बेत अक्षराने लिहिला, कुणी दोन वावने. किहीमकरची सुरुवात कोफने होईल किंवा काफने. घोसाळकर तिथे 'गोसलकर' होऊन बसतो. इंग्रजीतही तेच: शेवटी ए-आर की ई-आर, किहीम की केहीम. प्रत्येक आडनावाची किमान सहा-सात रूपे लिहून काढा आणि सगळी शोधून पाहा.

आईकडची बाजू इस्रायलमध्येच पकडा, कारण ती पुढे सर्वांत लवकर हरवते. याला एक कडू इतिहास आहे. १९६२ च्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदणी अधिकाऱ्यांना निर्देश दिले की बेने इस्रायली वधू-वरांची आई, आईची आई, अशी शक्य तितकी मागे चौकशी करा. कारण दाखवले ते असे की कोकणात शतकानुशतके घटस्फोट आणि विधवाविवाह रब्बींच्या रीतीने झाले असतील याची खात्री नाही. ज्या समाजाने रब्बी नसताना शब्बाथ (शनिवारची विश्रांती), सुंता आणि 'शेमा' ही प्रार्थना जपली, त्याला आपले ज्यूपण कागदावर सिद्ध करायला लावणे हा मोठाच अपमान होता आणि लोकांनी तो सहन केला नाही. दोन वर्षे निदर्शने झाली, उपोषणे झाली. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, यात लक्ष घातले आणि त्यानंतर बेने इस्रायलांचे नाव निर्देशांतून काढून टाकण्यात आले. संशोधकाच्या दृष्टीने या काळातल्या विवाहांच्या फायलींत आजी-पणजीची नावे, माहेरची गावे आणि साक्षीदारांचे जबाब असू शकतात. घरात १९६२ ते १९६४ च्या सुमारास कुणाचे लग्न झाले असेल तर त्या शहराच्या धार्मिक परिषदेकडे (मोआत्झा दातित) थेट वारसाने त्या फायलीची मागणी करावी. घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा. काहींसाठी ती जखम अजून ओली आहे.

मुंबईच्या टप्प्यावर तुमच्याकडची केतुबा सर्वांत मोलाची. विवाहाचा हा करार अरामी भाषेत, हिब्रू लिपीत असतो, त्यामुळे घरात तो नुसता जपून ठेवलेला असतो, वाचलेला नसतो. वाचण्याचा क्रम ठरलेला आहे. पहिल्या ओळीत आठवड्याचा वार, मग महिन्याचा दिवस, महिना, सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचे वर्ष आणि गाव. पुढे वर 'अमुक बेन अमुक', वधू 'अमुक बात अमुक'. मग रक्कम आणि अटी. तळाशी सह्या. '-कर' आडनाव मजकुरात नसले तरी घाबरू नका. छापील नमुन्याच्या कडेला किंवा मागच्या बाजूला इंग्रजीत अथवा बाळबोधीत लिहिलेले आहे का ते पाहा. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे साक्षीदारांना काका-मामा समजून वंशवृक्षात बसवणे. धर्मशास्त्राप्रमाणे केतुबेचे साक्षीदार वधू-वरांचे जवळचे नातलग असू शकत नाहीत. ती दोन नावे शेजाऱ्यांची किंवा जमातीतल्या इतर माणसांची आहेत. त्यांचा उपयोग वेगळा: ते कोणत्या सिनेगॉगचे (प्रार्थनास्थळाचे) सभासद होते हे कळले की तुमच्या पणजोबांचे सिनेगॉग सापडते.

मग त्या सिनेगॉगच्या विवाह आणि मृत्यूच्या वह्या. मांडवीचे शाआर हाराहमीम म्हणजे समाजाच्या बोलीतली 'जुनी मशीद'. जवळच इस्रायल मोहल्ल्यातले शाआरे रासोन ही १८४० ची 'नवी मशीद'. भायखळा आणि आग्रीपाड्याकडे वस्ती सरकली तशी पुढची सभासद-नोंद मागेन हसिदीममध्ये शोधावी, ठाण्याला गेलेल्यांची १८७९ च्या शाआर हाशामाईममध्ये. बगदादी ज्यूंची सिनेगॉग वेगळी, भायखळ्याचे मागेन डेव्हिड आणि फोर्टातले केनेसेथ एलियाहू. तुमच्या घराण्याची नोंद तिथे असण्याची शक्यता कमी. वह्या विश्वस्तांच्या ताब्यात असतात. आधी पत्र पाठवा, त्यात वधू-वरांची दोन्ही लिपींतली नावे आणि पाच वर्षांचा पट्टा द्या. 'आमच्या घराण्याचे सगळे काही' असे मागितले तर कुणीही तुमच्यासाठी वह्या चाळत बसणार नाही.

'मशीद' हा शब्द लक्षात ठेवा. जुन्या बेने इस्रायली कागदांत सिनेगॉगला मशीद म्हणतात, धर्मकार्य पाहणाऱ्याला काजी, जमातीच्या प्रमुखाला मुकादम. मस्जिद रेल्वे स्थानकाचे नावही मांडवीच्या त्या वास्तूवरून पडले असे सांगतात. ज्याला हे ठाऊक नाही असा सूचीकार 'दाऊद', 'मुसाजी', 'काजी' पाहून नोंद मुसलमानांत टाकतो आणि 'आबाजी' पाहून हिंदूंत. सरकारी दफ्तराच्या सूचीत तुमचे घराणे सापडले नाही तर या दोन्ही खान्यांत बघा.

शाळेचे जनरल रजिस्टर हा मुंबईतला दुसरा भक्कम कागद. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी काढलेली समाजाची शाळा पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. मराठी शाळांच्या रजिस्टरात पूर्ण नाव, जात, जन्मगाव आणि आधीची शाळा असे रकाने असतात. 'आधीची शाळा: अलिबाग' एवढी एक नोंद तुम्हाला थेट कोकणात नेऊन पोहोचवते.

कबरस्तानाचे काम हिवाळ्यात करा. पावसाळ्यानंतर लगेच गवत कमरेएवढे असते आणि दगडावर शेवाळ. मुंबईत वरळी पाहा, कोकणात अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल; नवगावच्या जुन्या दफनभूमीत नावे कोरलेली नाहीत, तिथे वंशावळीसाठी काही हाती लागणार नाही. दगडाचा फोटो सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्या, म्हणजे तिरपे ऊन अक्षरांत सावली पाडते. भर दुपारी कोरलेले अक्षर सपाट दिसते. खडू, पीठ, लिंबू, तारेचा ब्रश यांतले काही लावू नका. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. प्रत्येक दगडाचे चार फोटो: पूर्ण दगड, हिब्रू भाग, मराठी-इंग्रजी भाग, आणि शेजारच्या दोन कबरींसह एक. जवळच्या कबरी बहुधा एकाच घरातल्या असतात.

अनेक दगडांवर हिब्रू आणि मराठी मजकूर वेगवेगळी माहिती देतो. हिब्रूत बापाचे नाव, मराठीत गाव आणि इसवी सन. दोन्ही वाचा. हिब्रू वर्ष अक्षरांत असते आणि प्रत्येक अक्षराला किंमत असते. समजा तव, रेश, लामेद, हे अशी चार अक्षरे आहेत: ४०० + २०० + ३० + ५ = ६३५. हजाराचा आकडा गाळलेला असतो, म्हणजे वर्ष ५६३५. गाळलेल्या संख्येत १२४० मिळवले की इसवी सन येतो: १८७५. मात्र हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात, तिश्री महिन्यात सुरू होते. तिश्री ते डिसेंबरअखेर यांतली तारीख असेल तर १२३९ मिळवा, म्हणजे १८७४. झिजलेल्या दगडावर 'हे' (५) आणि 'हेत' (८) सारखे दिसतात, 'दालेत' (४) आणि 'रेश' (२००) सारखे, 'बेत' (२) आणि 'काफ' (२०) सारखे. एका रेघेच्या झिजेने तीन वर्षांपासून जवळपास दोनशे वर्षांपर्यंतचा फरक पडतो, म्हणून मराठी तारखेशी ताळा घेतल्याशिवाय आकडा पक्का करू नका. वर 'पे-नून' ही दोन अक्षरे असतात, अर्थ 'इथे विसावला आहे'. तळाशी 'तव-नून-सादे-बेत-हे' ही पाच अक्षरांची प्रार्थना. नवखे वाचणारे या अक्षरांचीही बेरीज करून मोकळे होतात. वर्षानंतर 'लामेद-पे-कोफ' दिसले तर ती हजार गाळल्याची खूण. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून महापालिकेच्या मृत्युनोंदीत आणि दगडावर एका दिवसाचा फरक पडला तर तो फरक नव्हे.

एवढे झाल्यावर किहीम. आधी राज्य कोणाचे होते ते पाहा. अलिबागची बाजू १८४० पर्यंत आंग्र्यांची. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा ही जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात, तीही थेट १९४८ पर्यंत. पेण-पनवेल १८१८ नंतर कंपनी सरकारकडे, त्यातही पनवेल १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात. कुलाबा जिल्हा १८६९ चा, त्याचे रायगड १९८१ मध्ये झाले. अर्जावर आजच्या जिल्ह्याबरोबर त्या काळचे नाव लिहा, म्हणजे दफ्तर कोणत्या कपाटात आहे ते कारकुनाला कळते.

जन्म-मृत्यूसाठी मागायचा कागद म्हणजे गाव नमुना नंबर १४, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात ते असते आणि जातपडताळणीच्या कामामुळे तिथल्या लोकांना हा शब्द चांगला माहीत आहे. दोन गोष्टींची तयारी ठेवा. जुनी पाने मोडीत आहेत. आणि जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते; बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढेच. म्हणून 'एझिकेलचा जन्म' शोधू नका, 'सामाजी हसाजी' या बापाला झालेली सगळी मुले शोधा आणि मुंबईच्या कागदांतल्या वयांशी जुळवा. जातीच्या रकान्यात इस्रायल, बेने इस्रायल, यहुदी, तेली, शनवार तेली यांपैकी काहीही असेल. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. सोमवार पाळणारे सोमवार तेली वेगळे, ते हिंदू. नुसते 'तेली' लिहिलेले असेल तर बापाच्या नावावरून ठरवा.

जमीन असेल तर सातबारा अनेकदा जन्मनोंदीपेक्षा जास्त देतो. इस्रायलला गेलेल्या माणसाचे नाव काही ठिकाणी अजून कब्जेदाराच्या रकान्यात आहे. सातबाऱ्यावर वर्तुळात दिलेले आकडे म्हणजे फेरफार क्रमांक. सर्वांत नव्या आकड्यापासून एकेक फेरफार (गाव नमुना ६) मागे काढत जा. वारसाच्या फेरफारात मयताचे नाव, मृत्यूची तारीख किंवा वर्ष आणि वारसांची नाती लिहिलेली असतात: मुलगा, मुलगी, विधवा. लग्न होऊन गेलेल्या मुलींचा पत्ता कागदावर लागण्याची ही एक दुर्मिळ जागा. काही जुने अभिलेख शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर चढलेले आहेत; गाव तिथे नसेल तर तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) आणि अभिलेख कक्ष. एक सावधगिरी: तुम्ही जमिनीवर हक्क सांगायला आला आहात असा समज झाला की गावात दारे बंद होतात. कशासाठी कागद हवा ते पहिल्याच वाक्यात सांगा.

मोडी कागदांवर सन वेगवेगळे असतात. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. फसलीला ५९०, जानेवारी ते मे ५९१. सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात: 'सबा सबैन मया व अलफ' म्हणजे ७ + ७० + १०० + १००० = ११७७, त्यात ५९९ मिळवून १७७६ (जानेवारी ते मे असेल तर ६००). मोडी वाचणाऱ्याला कागदाबरोबर अपेक्षित नावांची यादी द्या. 'हसाजी' हे नाव ज्याने कधी ऐकले नाही तो ते 'हैसाजी' किंवा 'रामाजी' वाचून मोकळा होतो.

एखादा पूर्वज पलटणीत असेल तर जन्मगावांचा गोंधळ उडेल. मुंबई इलाख्याच्या देशी पायदळात बेने इस्रायली सुभेदार-जमादार बरेच होते, आणि मुले जिथे छावणी तिथे जन्मली: पुणे, एडन, कराची. कराचीत तर १८९३ मध्ये मागेन शालोम सिनेगॉग उभे राहण्याइतकी वस्ती होती. 'जन्म: कराची' दिसले म्हणून घराणे सिंधचे ठरत नाही. पुढे जातवार पलटणी झाल्या, यांची संख्या पुरेशी नव्हती, आणि लोक रेल्वे, टपाल, कस्टम, दवाखाने यांत गेले.

कागदांबरोबर वडीलधाऱ्यांशी बोलणे चालू राहू द्या, पण प्रश्न नेमके विचारा. 'आपला इतिहास सांगा' म्हटले की गलबताची गोष्ट ऐकायला मिळते. त्याऐवजी: आजीचे माहेर कुठले? मलिद्याला (पोहे-फळांच्या नवसाच्या विधीला) कोणत्या घरातून माणसे यायची? नवसाला अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हानाबीच्या टाप्यावर (एलिया प्रेषिताच्या खुणेच्या जागी) कोणाबरोबर जायचे? सुंतेच्या वेळी बाळ कोणाच्या मांडीवर होते? अशा प्रश्नांतून नातलग निघतात. तारखा सणांवरून काढा. 'बिरड्याच्या रोजाला वारले' म्हणजे आव महिन्याची ९ तारीख, जुलै-ऑगस्ट. 'दारफाळणीच्या सणाला' म्हणजे योम किप्पूर, सप्टेंबर-ऑक्टोबर. 'अनशी धाकाचा सण' म्हणजे पेसाह, मार्च-एप्रिल. नवी पिढी ही मराठी नावे विसरत चालली आहे. ऐकलीत तर तशीच्या तशी टिपून घ्या आणि आवाज ध्वनिमुद्रित करा. घरातल्या प्रार्थनापुस्तकाची पुढची-मागची कोरी पाने तपासा, तिथे जन्म-मृत्यू लिहून ठेवायची रीत होती. त्या काळच्या मराठी पुस्तकांत आश्रयदात्यांची यादीही छापत. त्यात नाव आणि गाव एकत्र मिळू शकते. इस्रायलमधून १९८५ पासून निघणाऱ्या 'मायबोली' या मराठी नियतकालिकाचे जुने अंकही चाळा.

'गोरे' (दोन्हीकडून ज्यू मानलेले) आणि 'काळे' (आई समाजाबाहेरची मानलेले) इस्रायल या जुन्या भेदाचा विषय बोलण्यात निघेल. कुणी तुमच्या एखाद्या शाखेबद्दल तसे सांगितले तर ते कोणी, कधी सांगितले यासह टिपणात ठेवा. वंशवृक्षावर लिहू नका. कागदावर त्याचा पुरावा जवळपास कधीच नसतो आणि जिवंत माणसे दुखावतात.

डीएनए चाचणी करायची तर अपेक्षा माफक ठेवा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलांत ज्यू आणि भारतीय असा दोन्ही वारसा दिसला, आणि आईकडून येणारा धागा प्रामुख्याने स्थानिक. समाज लहान, लग्ने आपसांत, मामे-आते भावंडांतही. त्यामुळे चाचणी ज्याला 'तिसऱ्या पातळीचे भावंड' म्हणते तो प्रत्यक्षात पाच-सहा ठिकाणांहून लांबचा नातलग असतो. कोणती शाखा कोणाची हे ठरवायला ती चाचणी कागदाची जागा घेत नाही.

नोंद ठेवताना प्रत्येक सांध्याला दोन स्वतंत्र पुरावे हवेत, हा नियम सोडू नका. केतुबा आणि तिच्यावरून बनवलेला सिनेगॉगचा दाखला हे दोन नव्हेत, एकच. केतुबा आणि शाळेचे रजिस्टर हे दोन. पुरावा एकच असेल तर तुटक रेघ काढा.

अलिबागच्या तहसील कचेरीसाठी अर्ज मराठीत, एका पानात, असा लिहा: 'मौजे किहीम, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड (पूर्वीचा कुलाबा) येथील गाव नमुना नंबर १४, सन अमुक ते अमुक, यातील सामाजी हसाजी, जात इस्रायल किंवा तेली किंवा यहुदी, यांच्या नावे असलेल्या सर्व जन्म व मृत्यू नोंदींच्या प्रमाणित नकला मिळाव्यात. प्रयोजन: कौटुंबिक वंशावळ, जमिनीसंबंधी कोणताही दावा नाही.' वर्षांचा पट्टा दहाच्या वर नेऊ नका. पहिल्या दहा वर्षांत नाव लागले नाही तर पुढच्या दहांसाठी दुसरा अर्ज. नक्कल मोडी पानाच्या छायाप्रतीसह मागा, कारण कचेरीतल्या बाळबोध उताऱ्यात नाव चुकले असेल तर मूळ पान हाताशी असल्याशिवाय ते दुरुस्त करता येत नाही.